माणूस काढताना पेन्सिलीवर दाब कुठे द्यायचा

निवृत्तीनंतर हौसेने वही हाती घेतलेले, कलाशाखेच्या प्रवेशाची तयारी करणारे, मुलाच्या इंटरमिजिएटच्या निमित्ताने स्वतःच चित्रात गुंतलेले पालक, सगळ्यांकडून फिरून फिरून एकच तक्रार येते. ‘प्रमाण बरोबर येतं, नाकडोळे जमतात, शेडिंगही स्वच्छ होतं, मग आमचा माणूस ताठ आणि निर्जीव का दिसतो?’ पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘आणखी कोणती पेन्सिल घेऊ?’

बहुतेक वेळा दोष पेन्सिलीचा नसतो आणि चेहऱ्याचाही नसतो. उभ्या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे, बसलेल्याचं किती वजन खुर्चीवर आणि किती टेबलावर टेकलेल्या कोपरावर आहे, हे चित्रात उतरलेलं नसतं. डोक्यापासून पायापर्यंत एकाच दाबाची बाह्यरेषा फिरवलेली असते आणि मग ती आतून शेडिंगने भरलेली असते. भाव आणायचा म्हणून भुवया वाकड्या केल्या जातात, ओठ खाली ओढले जातात. थकलेला माणूस पाठमोरा असला तरी थकलेला दिसतो, हे लक्षात घेतलं की अर्धं काम सोपं होतं.

पेन्सिलीची ताकद इथेच कामी येते. साधं पेन जवळपास एकाच जाडीची रेघ देतं. कोळसा पटकन काळा होतो आणि तितक्याच पटकन पुसला जातो. पेन्सिल मात्र हाताचा दाब, वेग आणि थांबणं हे सगळं जसंच्या तसं नोंदवते. त्यामुळे दाब कुठे वाढवायचा, कुठे सोडायचा आणि रेषा कुठे चक्क तोडायची, एवढं ठरवता आलं तर माणूस बोलू लागतो. खालचं सगळं मार्गदर्शन या एका मुद्द्याभोवती आहे.

सामान थोडं, पण निवडून

बारा ग्रेडची डबी दिसली की ती घ्यावीशी वाटते. मानवाकृतीसाठी तिची गरज नाही. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट आणि चिकणमाती असते. ही मिसळ १७९५ मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने बसवली, कारण युद्धामुळे इंग्लंडचं शुद्ध ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासं झालं होतं. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक आणि फिकी, म्हणजे ‘एच’कडची, ग्राफाइट जास्त तेवढी मऊ आणि काळी, म्हणजे ‘बी’कडची. कडक पेन्सिलीवर कितीही जोर दिला तरी ती फारशी काळी होत नाही, कागदात चर मात्र पडतो. दाबाने बोलायचं असेल तर मऊ बाजूलाच राहा.

- २बी सुरुवातीच्या हलक्या रेषांसाठी. एचबीही चालेल, पण ती हलक्या हाताने धरायची सवय हवी.
- ४बी किंवा ६बी मुख्य कामासाठी. एकच घ्यायची असेल तर ४बी घ्या.
- सुताराची चपटी पेन्सिल. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. कडेने धरली तर बारीक रेघ, आडवी केली तर रुंद पट्टा. बर्लिनचा चित्रकार आडोल्फ मेन्झेल (१८१५–१९०५) हीच पेन्सिल वापरत असे. वह्या ठेवायला त्याने कोटाला जादा खिसे शिवून घेतले होते.
- कागद. सरावाला न्यूजप्रिंट पुरे, पण तो पिवळा पडतो. ठेवायचं काम १३० ते १५० जीएसएमच्या कार्ट्रिजवर करा. कागदाला थोडा दाणा हवा. गुळगुळीत कागदावर मऊ पेन्सिल घसरते आणि छटा एकसारखी, सपाट येते.
- नीडेबल रबर. घासायचा नाही, दाबून उचलायचा. साधा खोडरबर जवळ असला तरी पहिल्या दहा मिनिटांत त्याला हात लावू नका.
- कटर. शार्पनरने टोक आखूड येतं. कटरने तासून शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं ठेवलं की टोकाने आणि कडेने अशा दोन्ही प्रकारे काम करता येतं.

बोर्ड मांडीवर आडवा ठेवून काढायची सवय अनेकांना असते आणि मग पाय आखूड, धड लांब का झालं ते कळत नाही. कागद आडवा असला की त्याचा वरचा भाग डोळ्यापासून दूर जातो, आहे त्यापेक्षा आखूड दिसतो आणि हात नकळत तो ताणून काढतो. बोर्ड तिरका उभा धरा, नजरेला जवळपास काटकोनात. चित्र काढतानाच्या निम्म्या ‘प्रमाणाच्या चुका’ एवढ्याने जातात.

पेन्सिल धरण्याचंही असंच. लिहिताना धरतो तशी धरली की फक्त बोटं हलतात आणि रेषा तुकड्यातुकड्याने येते. पहिल्या रेषांसाठी पेन्सिल मागून, तळहाताखाली आडवी धरा आणि खांद्यापासून हात फिरवा. लिहिण्याची पकड शेवटच्या बारकाव्यांसाठी राखून ठेवा.

पहिली दोन मिनिटं: भार शोधा

समोर माणूस उभा किंवा बसलेला आहे. पेन्सिल लगेच टेकवू नका. थोडा वेळ बघा, शक्य असेल तर तीच पोझ स्वतः घेऊन पाहा. कुठला स्नायू ताणला जातो, कुठे आराम मिळतो, हे स्वतःच्या अंगाला पटकन कळतं. मग या क्रमाने जा:

१. एक लांब रेषा. डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंत शरीराचा ओघ एका हलक्या रेषेत पकडा. ही बाह्यरेषा नाही, शरीराच्या आतून जाणारी दिशा आहे.

२. खांद्यांची आणि कमरेची तिरकस रेषा. एका पायावर भार असला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या दोन रेषा समांतर काढल्या की माणूस कवायतीला उभा असल्यासारखा दिसतो. शंका असेल तर तिरकस थोडी जास्तच काढा. पुढे काम करताना हात ती आपोआप सौम्य करतो.

३. ओळंबा. गळ्याच्या पायथ्याच्या खळगीतून सरळ खाली एक रेषा सोडा. एका पायावर तोल सांभाळून उभ्या असलेल्या माणसात ती भार पेलणाऱ्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ उतरते. तुमच्या चित्रात ती दोन पावलांच्या बाहेर जात असेल तर माणूस पडतो आहे किंवा कशाला तरी टेकला आहे. टेकला असेल तर ते टेकणं दाखवा.

४. टेकण्याच्या जागा. टाच, बैठक, कोपर, भिंतीला लागलेली पाठ. तिथे आत्ताच एकेक गडद ठिपका ठेवा. पुढे दाब याच जागी द्यायचा आहे.

५. मग प्रमाण. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, वर्षभराचं मूल चारेक डोक्यांचं. हा आकडा तपासण्यासाठी आहे, बांधणीसाठी नाही. वाकलेल्या, पाय दुमडून बसलेल्या किंवा तुमच्याकडे हात पुढे केलेल्या माणसाला तो लागूच पडत नाही. तिथे पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, दिसतं तेवढंच मोजा.

दाब: कुठे वाढवायचा, कुठे सोडायचा

कोपराचा भार टेबलावर टाकून हनुवटी तळहातात धरून बसलेली बाई समोर आहे असं समजा. खांद्यापासून कोपरापर्यंत येणारी रेषा खांद्याजवळ हलकी सुरू होईल, कोपराकडे येता येता गडद होईल आणि टेबलाला कोपर लागतं तिथे सगळ्यात काळी होईल. दुसरा हात मांडीवर नुसता पडला आहे. त्याची रेषा सैल, एकाच हलक्या दाबाची. या दोन हातांत फरक केला नाही तर बाई टेबलाशी बसली आहे एवढंच दिसतं. फरक केला तर ती विचारात आहे की कंटाळली आहे, हे बघणाऱ्याला चेहऱ्याआधी कळतं.

हे काही ठोकताळे आहेत. ते मोडताही येतात, पण आधी महिनाभर पाळून बघा.

- टेकतं तिथे गडद. शरीर कशाला तरी लागतं, एक भाग दुसऱ्यावर दाबला जातो, त्या जागी रेषा काळी आणि आखूड.
- उजेडाकडे तुटक. उजेडाची बाजू पूर्ण बंद करू नका. खांद्यावर किंवा गुडघ्यावर रेषा मध्येच सोडून द्या. बघणाऱ्याचा डोळा ती स्वतः पूर्ण करतो. चारी बाजूंनी बंद केलेली आकृती कागदावर चिकटवल्यासारखी दिसते.
- रेषा आत शिरू द्या. हनुवटी मानेच्या पुढे आहे, दंड छातीच्या पुढे आहे. पुढच्या भागाची रेषा मागच्या भागावरून थोडी आत वळवली की खोली येते, शेडिंगशिवाय. नवशिक्या आणि सरावलेल्या हातातला सर्वांत मोठा फरक मला इथे दिसतो.
- हाड आणि मांस वेगळं. नडगी, घोटा, कोपर, गळ्याची हाडं इथे सरळ, कडक, कोनदार रेषा. पोट, पोटरी, गाल इथे सावकाश वळणारी. म्हाताऱ्या माणसात कोन वाढतात, तान्ह्या मुलात जवळपास नाहीसे होतात. वय सुरकुत्यांनी दाखवायची गरज त्यामुळे कमी होते.
- वेग बदला. ताणलेल्या अंगाची रेषा एका दमात, झटक्याने. सैल अंगाची रेषा संथ. तुमचा वेग कागदावर दिसतो, लपत नाही.
- चुकलेली रेषा राहू द्या. तिच्या शेजारी बरोबर रेषा जरा जास्त दाबाने काढा. हलक्या चुकीच्या रेषांमुळे अनेकदा हालचालीचा भास वाढतो. पुसून एकच ‘बरोबर’ रेषा ठेवली की तो जातो.

हे सगळे ठोकताळे नजरेत भरून घ्यायचे असतील तर दोन-तीन कलावंतांची रेखाटनं शेजारी ठेवून बघा. एगोन शीले याची पेन्सिल जवळजवळ सगळं काम बाह्यरेषेतच करते, मागे पार्श्वभूमीही नसते. पण ती रेषा प्रत्येक सांध्याला अडखळते आणि त्या अडखळण्यातून अस्वस्थता येते. के. के. हेब्बर कर्नाटकात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले चित्रकार. त्यांच्या नर्तकांच्या रेखाटनांत रेषा सांध्यांवर थांबत नाही, ओघ तोडत नाही. एकाच विषयाच्या या दोन टोकांच्या भाषा आहेत. तुमची कोणती, हे ठरवायची घाई नको.

‘पेन्सिल मऊ चालवा’ असं सरसकट सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. हलका हात हा गुण आहे, पण संपूर्ण चित्र हलकं असेल तर ते भित्रं दिसतं. प्रत्येक चित्रात किमान दोन-तीन जागा अशा हव्यात जिथे तुम्ही ४बी मनापासून दाबली आहे.

किती वेळ, किती काम

पोझ किती वेळ मिळणार यावर काय काढायचं ते ठरवा. एका मिनिटात चेहरा काढायला गेलात तर हाती फक्त एक डोळा राहतो.

- अर्धा ते एक मिनिट: फक्त ओघ, दोन तिरकस रेषा आणि टेकण्याच्या जागा. चेहरा नाही, बोटं नाहीत.
- दोन ते पाच मिनिटं: पुढे-मागे असलेले भाग, रेषा आत शिरवणं, दाबाचा फरक. डोक्याची दिशा दाखवा, चेहरा नाही.
- पंधरा ते वीस मिनिटं: सावलीचा एकच मोठा आकार, हाताचे पंजे, केसांचा एकूण गठ्ठा, चेहऱ्याची ठेवण.
- त्याहून जास्त: इथे धोका वाढतो. दर दहा मिनिटांनी उठून चार पावलं मागे जा आणि पहिल्या मिनिटात दिसलेला भार अजून दिसतो का ते तपासा. दिसत नसेल तर बारकावे थांबवा आणि टेकण्याच्या जागांवर परत जा.

आणखी एक व्यायाम लगेच करता येतो. कागदाकडे न बघता, नजर फक्त माणसावर ठेवून, पेन्सिल न उचलता कडेकडेने जा. आकृती वेडीवाकडी येईल, ती फेकायची नाही. ऑग्युस्त रोदँ या शिल्पकाराने मॉडेलवरची नजर न काढता अशी असंख्य रेखाटनं केली होती. या व्यायामात हात डोळ्याच्या गतीने चालायला शिकतो. नेहमीच्या चित्रात तो डोळ्याच्या पुढे धावतो आणि आठवणीतला, पाठ झालेला हात-पाय काढून मोकळा होतो.

साडी, धोतर, सदरा

परदेशी पुस्तकांवरून शिकणाऱ्यांची इथे पंचाईत होते. त्या पुस्तकांत उघडं शरीर किंवा शर्ट-पँट असते. आपल्यासमोर मात्र नऊवारी नेसलेली आजी किंवा लुंगी वर दुमडून बसलेला भाजीवाला असतो. चुण्या मोजून काढायला गेलात तर शरीर हरवतं. आधी कापडाखालचं शरीर हलक्या रेषेत काढा, मग तीन प्रश्न विचारा.

कापड कुठून लटकतं? खांद्यावरचा पदर, कमरेला खोचलेल्या निऱ्या, गुडघ्यावरून खाली आलेलं धोतर. चुण्या त्या जागेपासून निघतात आणि खाली जाताना पसरतात. उगमाजवळ दाब जास्त, खाली कमी.

कापड कुठे ताणलं आहे? मांडी घालून बसलेल्या बाईच्या दोन गुडघ्यांमध्ये साडी ताणलेली असते. तिथे चुण्या जवळपास नसतात, असल्याच तर एका गुडघ्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या सरळ. ही कोरी जागा मोकळी ठेवण्याचं धाडस करा. गुडघे तिथेच दिसतात.

कापड कुठे दाबलं गेलं आहे? कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, बसल्यावर कमरेच्या बाजूला. तिथे आखूड, एकमेकींत घुसणाऱ्या गडद रेषा.

नऊवारीत काष्ट्यामुळे दोन पाय वेगळे दिसतात, त्यामुळे उभं राहण्याचा भार स्पष्ट कळतो. सहावारीत तो बऱ्याचदा फक्त कमरेवरून आणि पुढे आलेल्या पावलावरून शोधावा लागतो. काठ ही मोठी सोय आहे: काठाची रेषा शरीराच्या गोलाईवरून वळते, म्हणून पोटरी किंवा पाठीची गोलाई तीच सांगते. काठावरची नक्षी मात्र एखाद्या ठिकाणीच सुचवा.

भारतीय शरीराची ठेवण आणि तिचं सुलभीकरण समजून घ्यायचं असेल तर एम. आर. आचरेकर यांचं ‘रूपदर्शिनी’ (१९५८) ग्रंथालयात शोधा. प्रत्यक्ष मॉडेलचा अभ्यास आणि भारतीय शिल्पातली आकृती त्यांनी एकमेकांशेजारी मांडली आहे. काय घेतलं आणि काय सोडलं, हे त्यात डोळ्यांनी ताडून पाहता येतं.

चेहरा, हात आणि शेडिंग

चेहरा शेवटी. मानेचा कल आणि डोक्याची दिशा बरोबर असेल तर डोळ्यांच्या जागी सावलीचे दोन आकारही पुरतात. आंग्र या चित्रकाराने रोममध्ये पोटापाण्यासाठी प्रवाशांची पेन्सिल व्यक्तिचित्रं केली. त्यांत चेहरा अत्यंत बारकाईने पूर्ण केलेला असतो आणि कपडे मोकळ्या रेषांत सोडलेले असतात. चेहऱ्याला महत्त्व द्यायचं असेल तर हा मार्ग घ्या: बाकीचं कमी करा. सगळीकडे सारखाच बारकावा म्हणजे कुठेच लक्ष जात नाही.

हाताच्या पंजात बोटं एकेक करून जोडू नका. अंगठा वेगळा आणि चार बोटांचा एक आकार, असं आधी बसवा; मग गरज असेल तिथेच एखादी फट गडद करा.

शेडिंगमध्ये हमखास होणारे घोटाळे:

- बोटाने पुसणं. त्वचेचं तेल कागदाला लागतं, डाग पडतात आणि सगळ्या छटा एका राखाडीत मिसळतात. मेन्झेलही घासत असे, पण त्याला कुठे घासायचं नाही हे माहीत होतं. सुरुवातीचं वर्षभर तिरक्या रेषांनीच छटा द्या.
- कडक पेन्सिलीचा थर आधी घोटणं. त्या चकचकीत थरावर मऊ पेन्सिल धरत नाही. गडद हवं असेल तर पहिल्यापासून मऊ घ्या.
- काळ्याचा हट्ट. ग्राफाइट जास्त दाबलं की काळं होण्याऐवजी चमकू लागतं. मिट्ट काळी सावली हवी असेल तर तो विषय कोळशाचा आहे.
- प्रत्येक स्नायूला सावली. उजेड एकाच बाजूने घ्या, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि सावलीचा एकच जोडलेला आकार शोधा.

काम झाल्यावर पानांमध्ये बटर पेपर घाला. मऊ पेन्सिल वहीत घासली जाऊन समोरच्या पानावर उतरते.

मॉडेल कुठून आणायचं

*घरातलं माणूस.* सर्वांत सोपं. ‘स्थिर बस’ म्हणू नका. भाजी निवडणारी, पेपर वाचणारी, झोपलेली माणसं तीच ती पोझ पुन्हा पुन्हा घेतात. दोन-तीन चित्रं एकाच पानावर एकदम चालू ठेवा आणि माणूस ज्या पोझमध्ये परत येईल ते पुढे न्या.

*आरसा.* कुणाची परवानगी नको, वेळेची सक्ती नाही. पण चित्र काढणारा हात हलतो, आणि प्रत्येक चेहरा रोखून बघणारा होतो. एवढी मर्यादा धरून चाला.

*बाहेर.* एसटी स्टँड, लोकल, दवाखान्याचा बाक. वाट पाहणारी माणसं सर्वांत चांगली. लहान वही घ्या आणि माणूस हलला की चित्र तिथेच सोडा, आठवणीने पूर्ण करू नका.

*लाइफ क्लास.* मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९-२० च्या सुमारास, तिथे विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला. आता काही खासगी वर्गांतही कपड्यांतल्या मॉडेलवरून सराव करता येतो. मानवाकृतीचा पाया पक्का करायचा तर कपड्यांतलं मॉडेलही भरपूर शिकवतं.

*फोटो.* टाळावा असं नाही, पण त्याच्या खोड्या ओळखा. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत पुढचा हात किंवा नाक प्रमाणाबाहेर मोठं येतं. सावल्या एकदम काळ्या होतात, त्यामुळे आतला आकार दिसत नाही. आणि भार कुठे आहे हे फोटोत सर्वांत कमी कळतं. फोटो वापरायचाच असेल तर आधी ती पोझ स्वतः घेऊन बघा.

परीक्षेतलं स्मरणचित्र

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्रात माणसं काढावी लागतात आणि मुलं बाजार, बसथांबा, पंढरीची वारी असं ठरावीक चित्र पाठ करून जातात. विषय जरा बदलला की सगळे एकाच पोझमध्ये उभे राहतात. पाठांतराऐवजी मुलाला वहीत रोज वेगवेगळ्या कामातली थोडी माणसं एक मिनिटाच्या पद्धतीने काढू द्या: ओझं उचललेला, वाकून भाजी निवडणारी, मुलाला कडेवर घेतलेली. कडेवर मूल असलेल्या बाईची कंबर एका बाजूला जाते, हे एकदा बघून काढलं की परीक्षेत आठवतं. पालकांना एकच विनंती: मुलाच्या हातातली वही घेऊन हात-पाय ‘सरळ’ करून देऊ नका.

समोरच्याचा हक्क

पोझ देणाऱ्या माणसाचं काम कष्टाचं आहे. वीस मिनिटं एकाच अवस्थेत राहून बघा, मग कळेल. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ (२०१८) या चित्रपटात मॉडेलचं काम करणारी यमुना ते आपल्या मुलापासून लपवते. असं लपवावं लागण्याचं कारण आपल्याच आसपास असतं. वर्ग तुम्ही चालवत असाल किंवा मित्रमंडळींत मॉडेल बोलावत असाल तर एवढं आधी ठरवा:

- मानधन, वेळ, पोझचा प्रकार आणि कपडे यांचं बोलणं आधी आणि स्पष्ट. ऐनवेळी बदल सुचवायचा नाही.
- साधारण वीस मिनिटांनी पाच मिनिटांची विश्रांती. पावलांची जागा खडूने आखून ठेवा म्हणजे पुन्हा तीच पोझ घेता येते.
- कपडे बदलायला आडोसा किंवा खोली, पंखा, पाणी.
- मोबाइल पिशवीत. फोटो काढायचा नाही, ‘फक्त संदर्भासाठी’ म्हणूनही नाही.
- पोझ दुरुस्त करायची असेल तर बोलून सांगा, हात लावू नका.
- मॉडेलला कोणत्याही क्षणी थांबता आलं पाहिजे, कारण न सांगता.

रस्त्यावर, गाडीत किंवा मंदिराच्या ओट्यावर समोरच्याने बघितलं आणि मान हलवली, वही बंद केली, विषय संपला. कुणी विचारलं तर वही दाखवा. बहुतेक वेळा तिथेच हसणं होतं. लहान मुलांसाठी सोबतच्या मोठ्यांना विचारा. आजारी, झोपलेला, शोकात असलेला माणूस काढावासा वाटेल, कारण भार तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो; काढलंत तर चेहऱ्याची ओळख पटेल इतकं काढू नका. आणि वहीतलं चित्र एका माणसाचं म्हणून नावानिशी जाहिरातीत, पुस्तकावर किंवा समाजमाध्यमावर जाणार असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी घ्या.

तुमचा हक्क, आणि त्यातला एक खड्डा

तुमचं रेखाटन हे कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकृती आहे. नोंदणी केली नाही तरी हक्क मिळतो आणि तो तुमच्या हयातीत व नंतर साठ वर्षं टिकतो. पण तीन गोष्टींत वाचकांचा गोंधळ होतो.

पहिली, फोटोवरून काढलेलं चित्र. फोटोचा हक्क सहसा छायाचित्रकाराचा असतो. खासगी सरावाला हरकत नाही. विकायचं किंवा छापायचं असेल तर परवानगी लागते. इंटरनेटवर सापडला म्हणजे मोकळा, असं नाही.

दुसरी, विकलेलं चित्र. मूळ कागद विकला म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्क विकला गेला असं होत नाही; तो वेगळा, लेखी द्यावा लागतो.

तिसरी बहुतेकांना माहीत नसते. कुणी पैसे देऊन सांगितलं म्हणून तुम्ही त्याचं किंवा त्याच्या आईचं व्यक्तिचित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्राचा कॉपीराइट कलम १७ प्रमाणे काढून घेणाऱ्याचा असतो, तुमचा नाही. चित्राखाली आपलं नाव असावं आणि त्याची मोडतोड करून आपली बदनामी होऊ नये, हा कलम ५७ चा हक्क तुमच्याकडेच राहतो. पण तेच चित्र तुम्ही कॅलेंडरवर छापू शकत नाही. हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल तर आगाऊ रक्कम घेतानाच पावतीवर दोघांच्या सहीने लिहून घ्या: ‘या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ग्राहकाला मूळ चित्र घरी ठेवण्याचा व खासगी वापराचा हक्क असेल. चित्रकार हे चित्र प्रदर्शनात व स्वतःच्या पुस्तकात वापरू शकेल.’ ग्राहकाला शेवटचं वाक्य नको असेल तर ते खोडा, पण पहिली दोन ठेवा. मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाला ही पावती एकदा दाखवून घ्या.